बाळंतपणानंतरचा व्यायाम : कधी, कोणता आणि किती?

बाळंतपणानंतर व्यायाम कधी सुरू करू, असे विचारणाऱ्या भगिनी साधारण दोन प्रकारच्या असतात. एकीला पोलीस भरतीचे मैदान दिसत असते, किंवा 'पोट फारच सुटलंय गं' हे टोमणे ऐकू येत असतात. तिला उद्यापासूनच सुरुवात करायची असते. दुसरी म्हणते, "दिवसभर कामच तर करते, मला आणि वेगळा व्यायाम कशाला?" पहिलीला जरा थांबवावे लागते आणि दुसरीला जरा बसवून समजवावे लागते. तिसरीही एक असते, पण ती विचारतच नाही. शिंकले, खोकले, हंडा उचलला की तिला दोन थेंब लघवी सुटते आणि 'बायकांचं असंच असतं' असे धरून ती दहा-दहा वर्षे गप्प राहते. आजचा लेख तिघींसाठी आहे, पण तिसरीने तो जरा जास्त लक्ष देऊन वाचावा.

शरीरात नेमके काय झालेले असते

बाळ जन्मले त्या दिवशी गर्भाशयाचे वजन जवळपास एक किलो असते आणि ते बेंबीपर्यंत हाताला लागते. दहा-चौदा दिवसांत ते आकसून ओटीपोटाच्या हाडामागे जाते आणि सहा आठवड्यांत साठ ते ऐंशी ग्रॅमवर येते. वार जिथून सुटली तिथे आत जखम असते. ती भरत असताना अंगावरून जाते. आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळसर पांढरे. चार ते सहा आठवडे हे चालते. बाहेरून टाके दिसोत वा न दिसोत, प्रत्येक बाळंतिणीच्या आत ही जखम असतेच. श्रम जास्त झाले तर पहिली सूचनाही इथूनच मिळते. रंग फिका झालेला असताना पुन्हा लाल भडक जाऊ लागले, तर आदल्या दिवशीचे काम किंवा चालणे शरीराला झेपलेले नाही असे समजावे आणि एक-दोन दिवस पाऊल मागे घ्यावे.

दुसरी गोष्ट ओटीपोटाच्या तळाची. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही त्या झोळीवर टेकलेले असतात. लघवी आणि शौच धरून ठेवण्याचे कामही हेच स्नायू करतात. नऊ महिने तिच्यावर वजन पडते आणि नैसर्गिक बाळंतपणात बाळ याच झोळीतून, तिला कितीतरी पट ताणून, बाहेर येते. ताणलेली झोळी आपोआप बरीच आवळते, पण त्याला काही महिने लागतात. ज्यांचे सिझर झाले त्यांना वाटते की आपली झोळी शाबूत आहे. तसे नाही. नऊ महिन्यांचे ओझे त्यांच्याही झोळीने वाहिलेले असते.

तिसरी गोष्ट पोटाची. फासळ्यांपासून खाली जांघेच्या हाडापर्यंत पोटावर स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात आणि मध्ये त्यांना जोडणारी शीर असते. बाळ वाढते तशी ही शीर रुंदावते आणि दोन्ही पट्टे एकमेकांपासून दूर जातात. शेवटच्या महिन्यांत बहुतेक सगळ्याच स्त्रियांचे असे होते. पहिल्या आठ आठवड्यांत ही फट आपोआप बरीच कमी होते, पुढे तिचा वेग मंदावतो. 'पोट सुटणे' म्हणजे नुसती चरबी असे आपण समजतो. पुष्कळदा ती चरबी नसून ही उघडी राहिलेली फट असते. अशा वेळी भराभर उठाबशा आणि पोटाचे जोरकस व्यायाम केले तर पोट आत जाण्याऐवजी मधोमध उंचवट्यासारखे वर येते.

सिझर झालेल्या भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाहेरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळलेली दिसते आणि घरचे म्हणतात, "टाके सुकले, आता बरी झालीस." पण पोटाच्या स्नायूंवरचे जे चिवट आवरण कापून शिवलेले असते, त्याची ताकद सहा आठवड्यांनी मूळच्या निम्म्याहून थोडीच अधिक असते. सहा-सात महिन्यांनीही ती पूर्ण आलेली असेलच असे नाही. सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. अपेंडिक्सच्या ऑपरेशनानंतर घरातल्या पुरुषाला जितके जपतात तितके तरी सिझर झालेल्या बाईला जपावे, एवढे म्हटले तरी पुरे. बाळंतपणाबरोबर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तोही एक छेद धरावा.

पहिले सहा आठवडे

या काळात व्यायाम अजिबात नाही, असे नव्हे. उलट काही गोष्टी पहिल्याच दिवसापासून करायच्या असतात. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो, सिझरनंतर आणखी. म्हणून खाटेवर पडल्या पडल्या दोन्ही पायांचे पंजे वर-खाली हलवणे, घोटे गोल फिरवणे, दीर्घ श्वास घेणे हे तासातासाला करावे. डॉक्टर किंवा नर्सताई चालायला सांगतील तेव्हा हळूहळू चालावे, टाके ओढतात म्हणून पडून राहू नये. उठताना सरळ पाठीवरून झटक्याने उठू नका. गुडघे दुमडा, कुशीवर वळा, हाताने खाटेला रेटा द्या आणि मग बसा. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी दाबून धरा. हे छोटेसेच आहे, पण टाक्यांवरचा ताण यानेच निम्मा कमी वाटतो.

ओटीपोटाच्या तळाचा व्यायामही याच काळात सुरू होतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. लघवीची नळी काढलेली असेल, लघवी नीट होत असेल आणि दुखत नसेल तर तो पहिल्या आठवड्यातही चालतो. टाके असले तरी हळुवारपणे करता येतो. तो कसा करायचा हे मात्र पुष्कळ जणींना कोणी समजावून सांगितलेले नसते, म्हणून जरा सविस्तर.

आडवे पडा किंवा आरामात बसा. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आपण गुदद्वार जसे आत आवळतो, तसे आवळा. त्याच वेळी लघवी धरून ठेवल्यासारखे पुढचेही आवळा आणि सगळे मिळून आत, वरच्या दिशेने ओढल्यासारखे करा. तीन-चार सेकंद धरा. मग पूर्ण सैल सोडा. सोडणेही तितकेच महत्त्वाचे आहे. सोडल्यावर पुन्हा तेवढाच वेळ थांबा. असे आठ वेळा. दिवसातून तीनदा. आठवड्याआठवड्याने धरण्याचा वेळ वाढवत दहा सेकंदांपर्यंत न्या. शिवाय झटपट आवळून लगेच सोडण्याचे दहा फेरे. पहिले काही दिवस आत काही हलते आहे की नाही हेच कळत नाही. ते साहजिक आहे, सुटलेली संवेदना हळूहळू परत येते.

तीन चुका नेहमी होतात. श्वास रोखून धरला जातो, नितंब आणि मांड्या आवळल्या जातात, किंवा आत ओढण्याऐवजी शौचाला बसल्यासारखा खाली जोर दिला जातो. या तिसऱ्या चुकीने फायद्याऐवजी तोटा होतो. व्यायाम बरोबर होत असेल तर शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. बाळाला पाजताना करा. दिवसातून आठ-दहा वेळा पाजायचेच असते, त्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

हे व्यायाम निदान तीन महिने नेमाने केल्याशिवाय फरक पडला की नाही हे ठरवू नये.

चालण्याचे म्हणाल तर आधी घरातल्या घरात, मग दारासमोर पाच मिनिटे, मग दहा. बाळ-बाळंतीण दोघे ठीक असतील तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालायला हरकत नाही. बोलत बोलत चालता यावे, इतकाच वेग.

सव्वा महिना, शेगडी आणि पोटपट्टा

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला कामाला लावत नाहीत. ही विश्रांती शास्त्राला धरून आहे, ती मिळालीच पाहिजे. पण ती 'विटाळ' म्हणून मिळत असेल, तिला वेगळे बसवून, तिचे ताट वेगळे ठेवून, तर विश्रांती ठेवावी आणि विटाळ टाकावा. बाळंतिणीच्या अंगावरून जाणारे रक्त ही भरत असलेली जखम आहे, यापेक्षा त्यात काही नाही. खोलीची दारे-खिडक्या बंद करून शेगडीचा धूर करणे बाळाच्या फुप्फुसांना घातक आहे. 'पाणी पिऊ नको, पोट सुटेल' हा सल्ला तर पुष्कळ घरांत अजून दिला जातो. पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ होते, शौचाला जोर द्यावा लागतो आणि तो सगळा जोर त्याच ताणलेल्या झोळीवर पडतो. पाण्याने पोट सुटत नाही.

पोट बांधण्याबद्दल मतभेद फार आहेत. सिझरनंतर आधारापुरता सैलसर पट्टा बांधल्याने उठताना-चालताना बरे वाटते, त्यात गैर नाही. पण लुगड्याची पट्टी करून श्वास कोंडेल इतके आवळले, तर पोटातला दाब खाली जातो आणि लघवी सुटण्याचा किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास वाढू शकतो. पट्टा बांधल्याने स्नायू मजबूत होत नाहीत. पट्टा काढला की पोट जसे होते तसेच असते.

काम म्हणजे व्यायाम नव्हे

आता दुसऱ्या भगिनीचा प्रश्न. धुणे, भांडी, पाणी भरणे, लादी पुसणे, वर बाळ. एवढे केल्यावर व्यायाम कशाला?

कामात शरीर एकाच बाजूने वापरले जाते. हंडा नेहमी त्याच कमरेवर, बाळ त्याच काखेत, वाकणे नेहमी कमरेतून. ओझे उचलताना श्वास रोखला जातो आणि पोटातला सगळा दाब खाली जातो. दमले तरी थांबता येत नाही, कारण पाणी सुटण्याची वेळ आपल्या हातात नसते. व्यायामात ओझे आपण ठरवतो, फेरे आपण मोजतो, दुखले की थांबतो आणि जो स्नायू ढिला आहे त्यालाच हात घालतो. दिवसभर कष्ट करणाऱ्या बाईची कंबर तर जास्त धरते. कष्टानेच अंग मजबूत झाले असते तर असे झाले नसते.

पहिले सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये, हा नियम. भरलेला हंडा, गॅसचे सिलिंडर, पाण्याची मोठी बादली, ओल्या कपड्यांचे पिळे, काहीच नाही. त्यानंतर उचलावे लागले तर गुडघ्यातून वाका, वस्तू अंगाजवळ घ्या, उचलण्याआधी ओटीपोटाचा तळ आत ओढा आणि उचलताना तोंडाने श्वास सोडा. 'आधी आवळा, मग उचला' एवढे लक्षात राहिले तरी चालेल. एका मोठ्या बादलीऐवजी दोन छोट्या बऱ्या.

हे लिहिणे सोपे आहे, हे मला माहीत आहे. धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला सहा आठवडे कोण देणार? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्या खर्चाचा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणानंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकाला मनाई केली आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची केली. पण हजेरीपटावर नाव नसलेल्या बाईपर्यंत ही रजा पोहोचत नाही. तिच्या वाटचे पाणी त्या सव्वा महिन्यात नवऱ्याने, दिराने, सासऱ्याने भरावे. हंडा उचलायला पुरुषाचे हात चालतात. वस्तीतल्या महिला मंडळाने एखाद्या बाळंतिणीच्या घरी आळीपाळीने दोन वेळचे पाणी दिले, तर बारशाच्या आहेरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

सहा आठवड्यांनंतर

या सुमारास एक तपासणी जरूर करून घ्या. बाळाला लस टोचायला दीड महिन्यांनी आपण जातोच. त्याच दिवशी आईचीही तपासणी करून घ्यावी. टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीच्या तक्रारी, एवढे निदान बघून घ्यावे.

पोटाची फट घरीही बघता येते. पाठीवर पडा, गुडघे दुमडा. बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवा आणि फक्त डोके आणि खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंचे पट्टे बोटांना कडक लागतील. मधल्या खळग्यात दोनपेक्षा जास्त बोटे मावत असतील, किंवा पोट मधोमध डोंगरासारखे वर येत असेल, तर फट अजून आहे. घाबरण्यासारखे काही नाही. फक्त उठाबशा, दोन्ही पाय सरळ वर उचलणे, हाताच्या कोपरांवर अंग तोलणे असे व्यायाम इतक्यात नकोत. सूर्यनमस्कारही थोडे थांबावेत. कोणताही व्यायाम करताना पोटाकडे एकदा बघावे. मधोमध उंचवटा आला तर तो व्यायाम अजून आपल्यासाठी नाही.

मग काय करावे? पाठीवर पडून, गुडघे दुमडून, श्वास सोडत बेंबी हळूच आत ओढायची आणि कंबर जमिनीला टेकवायची. तसेच पडून एक टाच घसरवत पाय लांब करायचा, परत घ्यायचा, मग दुसरा. नितंब उचलून पुलासारखे अंग धरायचे आणि हळू खाली आणायचे. भिंतीला हात लावून भिंतीवरचे जोर. खाटेवरून किंवा खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे. प्रत्येकी आठ-दहा फेरे, आठवड्यातून तीन-चार दिवस. साहित्य लागत नाही, चटई पुरे. सिझर झालेल्यांनी हे आठव्या आठवड्यापासून, डॉक्टरांना विचारून करावे. व्रणाच्या आसपास ओढल्यासारखे वाटणे चालते, टोचून दुखणे चालत नाही.

चालणे वाढवत अर्ध्या तासापर्यंत आणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत बाळंत झालेल्या स्त्रियांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे म्हटले आहे. म्हणजे अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालते.

व्यायामाने दूध आटते, नासते किंवा 'गरम' होते हे खरे नाही. मध्यम व्यायामाने दुधाच्या प्रमाणावर किंवा बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही. फक्त आधी बाळाला पाजून घ्यावे, म्हणजे छाती जड राहत नाही, आणि आधार देणारी कपडे घालावीत. तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्यावे.

धावणे आणि भरतीची तयारी

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार जमिनीवरून उलटा अंगावर येतो. तो झेलायला झोळी तयार हवी. ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये यासाठी एक मार्गदर्शिका केली. तिच्यात बारा आठवड्यांच्या आत धावायला सुरुवात करू नये असे सांगितले आहे. बारा आठवडे झाले म्हणजे परवानगी मिळाली, असेही नाही. आधी स्वतःची परीक्षा घ्यायची. अर्धा तास भरभर चालता येते का? एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का? एका पायावर वाकून दहा वेळा उठता येते का? जागच्या जागी एक मिनिट धावता येते का? एका पायावर दहा उड्या मारता येतात का? हे सगळे दोन्ही पायांनी, न दुखता, लघवी न सुटता आणि खाली जडपणा न जाणवता जमले, तरच मैदानावर जायचे. पहिल्या दिवशी एक मिनिट हळू धावणे, दोन मिनिटे चालणे, असे सहा-सात फेरे. एक दिवस आड. आधी वेळ वाढवायचा, वेग शेवटी.

महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक करावी लागते. यांपैकी ८०० मीटरला दम लागतो म्हणून सगळ्या त्याच्याच मागे असतात. पण बाळंत झालेल्या मुलीच्या दृष्टीने १०० मीटरचा झपाटा आणि चार किलोचा गोळा हेच जास्त जपून करायचे प्रकार आहेत, कारण दोन्हींत पोटातला दाब क्षणात वाढतो. तेव्हा धावण्याची लय बसल्यावर, पोटाची फट भरत आल्यावर, सर्वांत शेवटी गोळा हातात घ्यावा. माझे मत विचाराल तर बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी मैदानी चाचणी असेल, तर तो हंगाम लेखी परीक्षेच्या अभ्यासाला द्यावा आणि मैदान पुढच्या भरतीला गाजवावे. मेरी कोम यांना २००७ मध्ये जुळी मुले झाली आणि २००८ च्या अखेरीस त्यांनी पुन्हा जागतिक अजिंक्यपद जिंकले. ही गोष्ट सांगून पोरींना घाई करायला लावणारे लोक मधले वर्ष सव्वा वर्ष विसरतात.

रक्त आणि खाणे

दम लागतो, छाती धडधडते, जिना चढवत नाही, म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्या पुष्कळ जणींना खरे तर रक्त कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. बाळंतपणात रक्त जाते ते वेगळेच. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर आधी ते भरून काढावे, तोवर चालणे आणि केगल पुरे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस, रोज एक, घ्यायच्या असतात. पुष्कळ घरांत त्या बाळ झाल्यावर फडताळात पडून राहतात. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. लिंबू, आवळा, पेरू बरोबर असला की लोह चांगले लागते. डिंकाचे, हळिवाचे लाडू जरूर खा, पण त्यांनी जेवणाची जागा घेऊ नये. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, मासळी, मटण, घरात जे चालते ते सगळे बाळंतिणीला चालते. वजन उतरवायचे म्हणून पाजत्या आईने उपाशी राहू नये.

ज्याबद्दल बोलले जात नाही

खोकताना लघवी सुटणे, लागल्यावर धरता न येणे, वारा किंवा शौच न थांबणे, योनीत काही उतरल्यासारखे किंवा गोळा आल्यासारखे वाटणे, संबंधाच्या वेळी दुखणे. यांतले काहीही तीन महिन्यांनंतर राहिले असेल तर ते दाखवावे. 'अंग बाहेर येणे' म्हणतात ते एकाएकी होत नाही. आधी संध्याकाळी खाली जडपणा वाटतो, पाय ओढतात, पडले की बरे वाटते. या टप्प्यावर व्यायामाचा चांगला उपयोग होतो. पुढे गेल्यास आधाराची रिंग बसवता येते आणि त्यानेही भागले नाही तर शस्त्रक्रिया आहे. पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे. कोणी थेट तसे सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. स्त्रीरोग विभागातून तिकडे चिठ्ठी मागून घ्या, मागितल्याशिवाय ती पुष्कळदा मिळत नाही.

काही लक्षणे मात्र व्यायामाच्या वहीत लिहून ठेवण्याची नाहीत, त्यांत लगेच दवाखाना गाठायचा. तासाभरात पॅड भिजेल इतके रक्त किंवा अंड्याएवढ्या गाठी जाणे, ताप आणि घाण वास, एकाच पोटरीला सूज व दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, टाक्यांतून पू येणे. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. आणखी एक लक्षण घरच्यांना दिसते, पण ते त्याला आजार समजत नाहीत. बाई दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास आहे, रडते, बाळात मन लागत नाही, बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही. चालण्या-फिरण्याने मन हलके होते हे खरे, पण अशा आईला 'जरा फिरून ये' एवढे सांगून भागत नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाला आहे किंवा बाळाचे काही करून बसेन असे ती बोलली, तर तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यानंतर बाळ तीन महिन्यांचे झाले की पुन्हा येतात. त्या बाळाचे वजन करत असतात तेव्हा आई बहुधा चहा टाकायला उठलेली असते. चहा दुसऱ्या कोणाला टाकू द्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांच्याजवळ बसून तीन गोष्टी विचारून घ्या : माझे हिमोग्लोबिन किती आहे, माझ्या पोटाची फट भरली आहे का हे कोण बघेल, आणि लघवीचा त्रास असेल तर तपासायला कोणत्या दिवशी, कोणाकडे जायचे.